चारचौघांतलं बाकडं

भोरच्या एसटी स्टँडजवळच्या गल्लीत अजून नीट उजाडलेलं नाही. आषाढातली भुरभुर चालू आहे आणि पुढच्या पत्र्यावरून पाण्याच्या धारा ओळीनं पायरीवर पडताहेत. हॉटेलच्या दाराच्या दोनच फळ्या काढल्या आहेत. आत शेगडीवर मोठं पातेलं चढलंय. मालक आलं ठेचतात, वाटीनं मोजून साखर टाकतात, मग भुकटी. दूध घातल्यावर दुसरी उकळी येईपर्यंत ते पातेल्यापासून हलत नाहीत. पहिला कप गिऱ्हाइकाला मिळत नाही. त्यातला घोटभर चहा ते उंबऱ्याबाहेर रस्त्यावर ओततात, भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडतात आणि मगच म्हणतात, "हं, बसा आता."

बसायला भिंतीलगत एक लांब सागवानी बाकडं आहे. फळीचा मधला भाग इतक्या वर्षांच्या धोतरांनी, पायजम्यांनी, खाकी पँटींनी घासून गुळगुळीत झालाय. कडेला चाकूनं कोरलेली अक्षरं आहेत, ती आता बोटांनाच लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पुढ्यात शहाबादी फरशीची टेबलं. काचेच्या बरण्यांत खारी, बटर, शेव, गुडदाणी. गल्ल्याशेजारी उधारीची वही दोऱ्यानं खिळ्याला बांधलेली.

स्वारगेटच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर येतात. दूधवाला कॅन बाहेर ठेवून येतो. सरकारी दवाखान्यात बापाच्या उशाशी रात्र काढलेला एक तरुण किटली घेऊन येतो आणि ती भरेपर्यंत बाकड्याच्या टोकाला टेकतो.

"वर काय म्हनतोय पाऊस?" मालक कंडक्टरला विचारतात.

"हिरडस मावळात रातभर धो धो. देवघरचं पानी सोडत्याल आज-उद्या."

"मग खालच्या मोटारी काढायला सांगा लोकांना."

नदीकाठी शेत असलेला एक जण अर्धा चहा टाकून उठतो, फोन लावत बाहेर जातो. नीरा देवघर धरण गावाच्या वरच्या अंगाला, भाटघर दुसऱ्या बाजूला वेळवंडीवर. पाणी सोडल्याचा संदेश सरकारकडूनही येतो, मोबाइलवर येतो. पण पाणी सोडलं तर कोणाची मोटार बुडेल, कोण सध्या गावात नाही, त्याच्या शेजाऱ्याला कळवलं की पुरे, हे सगळं फक्त या बाकड्याला माहीत आहे. मी भोरला येतो तो राजवाडा बघायला नाही. 1869 साली बांधलेला पंत सचिवांचा तो वाडा देखणा आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला हे बाकडं बघायचं असतं. इंग्लंडातल्या लहान गावांचे इतिहास लिहिताना तिथले लोक गावातल्या पबांची यादी करतात: कोणता कधी सुरू झाला, कोणी चालवला, तिथं कोण बसायचं. आपल्या गावांचा तसा इतिहास लिहायचा तर तो या चहाच्या हॉटेलांचाच लिहावा लागेल, आणि तो जवळजवळ कोणीच लिहिलेला नाही.

मालक तिसऱ्या पिढीतले. "आजोबांनी दुकान घातलं तवा संस्थान नुकतंच गेलं होतं," ते कप विसळताना सांगतात. भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं 8 मार्च 1948 ला. त्याच साली 1 जूनला नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. तीन महिन्यांच्या आतबाहेर घडलेल्या या दोन गोष्टींनी अशा गावांचा मध्य हलवला. तोवर माणूस कामासाठी वाड्याच्या देवडीशी थांबायचा, नंतर तो स्टँडवर उतरून मामलेदार कचेरीत जाऊ लागला. कचेरी उघडायला वेळ, साहेब यायला वेळ, परतीच्या गाडीला त्याहून वेळ. हा वेळ कुठं काढायचा? देवळाच्या ओवरीत सगळ्यांना जागा नव्हती. वाड्याच्या ओट्यावर तर नव्हतीच.

दारूचं दुकान ती जागा होऊ शकलं असतं का, असं मी बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारतो. ते रोज पहाटे येतात, खिडकीजवळची जागा त्यांची. ते मान हलवतात. "दारूला बसून प्यायची जागा आमच्याकडं ठेवलीच न्हाई कुनी. प्यायची ती दडून. वड्याच्या कडंला, झाडीत. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा. पोलीस आला की पळायचं."

दडून पिण्याची ही सवय जुनी आहे आणि ती कायद्यानं लावली. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरोघर, गावोगाव गाळली जाणारी दारू बेकायदा ठरवली आणि गाळण्याचा-विकण्याचा हक्क सरकारी मक्त्यात आणला. घाटाखाली कुलाबा-ठाण्यात मोहाची फुलं वेचून साठवण्यावरसुद्धा 1892 च्या कायद्यानं बंधन आलं. दारूचा महसूल तिजोरीत, आणि पिणारा मक्तेदाराच्या दुकानात. जोतीराव फुल्यांनी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात दारूची दुकानं वाढवण्याला विरोध केला. 1908 मध्ये टिळकांच्या पाठिंब्यानं पुण्यातल्या गुत्त्यांवर स्वयंसेवकांनी पहारे बसवले, पिणाऱ्यांना हात जोडून परत पाठवलं. मग मोरारजी देसाईंचा 1949 चा दारूबंदी कायदा. पुढं बंदी सैल झाली, पण कायदा तोच राहिला, आणि आजही त्याच्या हिशेबानं देशी पिणाऱ्याकडं एका दिवसाचा दोन रुपयांचा परवाना हवा, विदेशी पिणाऱ्याकडं पाच रुपयांचा.

भोरमधलं देशीचं दुकान मी काल संध्याकाळी बाहेरून पाहिलंय. गजांआडची एक खिडकी, आत ट्यूबलाइट. माणूस येतो, पैसे सरकवतो, उभ्याउभ्याच रिचवतो, तोंड पुसत खाली मान घालून निघून जातो. कोणी कोणाला नमस्कार करत नाही. या दुकानांविरुद्ध बायका उभ्या राहतात त्याचं मला नवल वाटत नाही, माझं मन त्यांच्याच बाजूला आहे. महाराष्ट्रात गावातल्या वा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज दिला की मतदान घ्यावं लागतं, आणि निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. पगाराच्या दिवशी नवरा कुठं गेला हे ज्या जागेमुळं कळत नाही, तिचं कौतुक बायकांनी का करावं? चहाचं हॉटेल त्याच्या बरोबर उलट. इथं कोण बसलंय ते रस्त्यावरून दिसतं. इथं जे बोलायचं ते चारचौघांत.

पण ही चारचौघं म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न या बाकड्यालाही होता.

बाबांचा दुसरा चहा येतो. बशीत ओतून ते फुंकर घालतात. "मी पोरगा होतो तवा," ते म्हणतात, "आमचा कप भायेर असायचा. वळचनीला खुंटी होती, तिला कानानं अडकवलेला. आपुन काढायचा, पुढं धरायचा, ते वरनं वतायचे. पिऊन झाला की आपुनच धुवून परत अडकवायचा. ह्या हाटेलात न्हाई म्हनत मी. समद्याच गावांत तसं."

मालक शेगडीकडं तोंड करून उभे आहेत. ते वळत नाहीत, पण हात थांबलाय.

चहा या मुलखात आला तोच जातीच्या तंट्यात भिजून. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसकट शहरातल्या नामवंतांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, उठलं, शंकराचार्यांकडं तक्रार गेली, आणि अखेर दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. तो चहा पुस्तकात आला कारण तो घेणारे मोठे होते. खुंटीवरच्या कपाचं ग्रामण्य कोणी भरवलं नाही, तिथं प्रायश्चित्त कोणी घेतलं नाही. 1903 पासून चहा-कर समितीनं आणि पुढं तिच्या वारसदार मंडळानं देशभर चहाचा प्रचार केला, बाजारांतून, जत्रांतून फुकट चहा पाजून लोकांना सवय लावली. चहा सगळ्यांनी प्यावा अशी त्यांची इच्छा होती. सगळ्यांनी एकत्र बसून प्यावा, ही इच्छा दुसऱ्याच माणसांची होती.

भोरहून वरंध घाट उतरलं की महाड. तिथं 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यांच्या हातून घडलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे: जातीच्या कारणावरून कोणालाही तिथं जाण्यापासून अडवता येणार नाही. 1955 च्या अस्पृश्यता कायद्यानं तर हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. दिल्लीत बसून कोणीतरी या खुंटीवरच्या कपाचा विचार केला होता, यानं मला दर वेळी भरून येतं.

"मग कायदा झाल्यावर कप आत आला?" मी विचारतो.

"आधी कप आत आला," बाबा म्हणतात. "मग मी आत आलो. बाकड्यावर बसलो ते लई मागनं. बाबा आढाव यायचे तवा, एक गाव एक पानवठा चाललं होतं, त्या टायमाला. आम्ही चार पोरं आलो आन् बसलो. कुनी काय बोललं न्हाई. शेजारचा मानूस उठून गेला फकस्त."

"आणि तुम्ही?"

"आम्ही परत दुसऱ्या दिवशी आलो."

मालक आता वळतात. बाबांसमोर खारीची बशी ठेवतात. बाबा पैसे काढतात, मालक घेत नाहीत, बाबा टेबलावर ठेवून देतात. हे रोजचंच असावं, दोघांच्याही हातांना ते पाठ आहे.

साडेसात होतात आणि गर्दी एकदम येते. रात्री वरच्या खोऱ्यातल्या वाड्यांत मुक्कामाला गेलेल्या गाड्या माणसं भरून स्टँडवर लागल्या आहेत. भिजलेली घोंगडी, प्लॅस्टिकची इरली, शाळेची दप्तरं, दवाखान्याच्या फायली. कोणी वारसनोंदीला आलंय, कोणी कोर्टाच्या तारखेला. एक जण तांदळाचं पोतं बाकड्याखाली सरकवतो आणि मालकांना सांगतो, "धाकला पुन्याला जाताना घिऊन जाईल." पोत्यावर नाव नाही, चिठ्ठी नाही. दुसरा किल्ली ठेवून जातो. तिसरा विचारतो, बायकोची गाडी गेली का. मालक पातेल्यावरून नजर न उचलता सांगतात, "गेली, पुढच्या बाकावर बसली व्हती." पूर्वी इथं एक रेडिओ होता म्हणे. 1953 मध्ये आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं, त्यानंतर बाजारभाव आणि बातम्या ऐकायला लोक चहा घेऊन थांबायचे. त्या जागी आता मोबाइल चार्जिंगचा बोर्ड आहे. सहा वायरी, सहा फोन, आणि कुठला फोन कोणाचा हे विचारावं लागत नाही.

कोपऱ्यातल्या टेबलाशी वेगळंच चाललंय. पांढरा शर्ट घातलेला एक एजंट, त्याच्यासमोर गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेले एक आजोबा आणि त्यांचा पुतण्या. फरशीवर सातबारा पसरलेला. चहाचा कप उताऱ्यावर ठेवल्यामुळं कागदावर गोल डाग उमटलाय. पुणं या खोऱ्यात जमिनी घेत सुटलंय. डोंगर दिसतो, पाणी दिसतं, शनिवार-रविवारचं घर बांधायचंय. गुंठ्याचा भाव आजोबांच्या कानात हळू सांगितला जातो. एजंट खिशातून पाकीट काढतो.

"इसार म्हणून धरा आबा. पावती करतो, सही करा."

आजोबा पाकिटाकडं बघतात. हॉटेल एकदम शांत झालेलं नाही, पण जवळच्या दोन टेबलांवरचं बोलणं खाली आलंय. आणि मालक कपड्यानं हात पुसत तिथं जाऊन उभे राहतात.

"आबा, सामाईक हाय ना ही जमीन? थोरल्याच्या पोरींची नावं हायेत त्यावर."

"हायेत की."

"मग त्यास्नी इचारलं का?"

एजंट म्हणतो, मालक, तुमचा काय संबंध. मालक म्हणतात, "माझा काय संबंध. चहा आनू का अजून?" बाकड्यावरून दुसरं कोणी म्हणतं, "आबा, घरला जावा, समद्यांना बसवा, मग काय ती सही करा." आजोबा टोपी डोक्यावर घालतात. पाकीट परत एजंटच्या खिशात जातं. पुतण्या चिडलाय, पण चारचौघांत काही बोलत नाही.

हाच व्यवहार एजंटच्या गाडीत, काचा वर करून झाला असता, तर सही झाली असती. कदाचित पुढल्या आठवड्यात तशी होईलही. बाकडं काही जमीन वाचवत नाही. पण ते ऐकतं. गरीब माणसाला वकील परवडत नाही, साक्षीदार मात्र इथं दहा रुपयांत मिळतात.

पाऊस जरा उघडतो. पाठीवर पाटी बांधलेली एक बाई दाराशी येऊन उभी राहते. पाटीत रानभाजी, वरून पळसाची पानं झाकलेली. आत नजर टाकते आणि बाहेरच पायरीच्या कडेला टेकू लागते.

"मावशी, भिजताय कशाला, आत या की," मालक म्हणतात.

"न्हाई आन्ना, हितंच बरी हाय."

बायकांनी आत बसू नये असा फलक कुठल्याच हॉटेलात कधी नव्हता. त्यांच्यासाठी खुंटीही नव्हती. तरी कित्येक वर्षं बायका स्टँडच्या भिंतीशी पदर डोक्यावर ओढून बसत आल्या आणि नवऱ्यानं बाहेर आणून दिलेला चहा पाठमोऱ्या होऊन प्यायल्या. न लिहिलेला नियम मोडायला कुठलं कलम लावायचं? या बाकड्याच्या इतिहासात मला सर्वात जास्त सलतं ते हे. बाबा काहीच न बोलता सरकतात. खिडकीजवळची त्यांची जागा रिकामी होते. बाई पाटी दाराशी उतरवते, आत येते, बाकड्याच्या अगदी कडेला बसते आणि म्हणते, "बशीत वता. कडक करा जरा." मग थोडी मागं सरकून भिंतीला पाठ टेकते.

गावात पलीकडं चहाची नवी दुकानं झालीत, चकचकीत पाटीची, एकाच नावाची, गावोगावी सारखीच दिसणारी. चहा वाईट नाही, कप स्वच्छ असतात. बसायला मात्र काहीच नाही. एक उंच फळी, तिच्यावर कप ठेवायचा, तीन मिनिटांत निघायचं. भाडं वाढलंय, जागा लहान आहे, बसलेलं गिऱ्हाईक परवडत नाही, हे मला कळतं. इंग्लंडात पब बंद पडू लागले तेव्हा 2011 मध्ये त्यांनी असा कायदा केला की गावकऱ्यांनी अर्ज केला तर पबाची नोंद लोकांच्या उपयोगाची वास्तू म्हणून होते, आणि तो विकायला निघाला तर बोली लावायला गावाला मुदत मिळते. आपल्याकडं वाड्याची, देवळाची, बुरुजाची नोंद होते. ज्या फळीवर चार पोरं एका सकाळी येऊन बसली, तिची नोंद भोर नगरपरिषदेनं का करू नये? मला ही मागणी मनापासून करायची आहे.

दुपारी मी नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्यात येतो. तालुक्याचं नाव आता सरकारदरबारी राजगड झालंय, एसटीतली माणसं अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतात. समोरचा तोरणा ढगात आहे. इथं शनिवारी रात्री पुण्याहून गडावर जाणारी पोरं येतात, पाठीवरच्या पिशव्या उतरवून पिठलं-भाकरी मागतात आणि पहाटे अंधारात गडाची वाट धरतात. आज मधला वार असल्यामुळं रस्त्यावर फक्त कचेरीला आलेली माणसं आहेत.

मी ज्या हॉटेलात शिरतो ते एक बाई चालवतात. शेगडी त्यांची, गल्ला त्यांचा, नवरा भात लावणीला गेलाय. इथली निम्मी बसलेली माणसं बायका आहेत. बचत गटाच्या सात-आठ जणी पासबुकं मांडून हिशेब करताहेत आणि कांदाभजीची दुसरी बशी मागवतात. मागच्या बाजूला एक सुतार गुडघ्यावर बसून भिंतीचं माप घेतोय. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मोडल्या, आता त्यांना लाकडी बाकडं करून हवंय.

"वहिनी, सहा फूट पुरं," सुतार म्हणतो. "त्याच्यापेक्षा लांब केलं तर मधी वाकंल."

"आठ कर."

"आठाला तिसरा पाय लागंल. खर्च वाढंल."

"लागू दे. आपल्याकडं कचेरीत एकटं मानूस येतंय व्हय कधी? एकाची वारसनोंद आन् सात जनं संगट. निम्म्यांनी काय उभं ऱ्हायचं?"

गटातली एक जण हिशेबातून मान वर करून म्हणते, "आन् पाठीला टेकायला फळी लाव रं, नुसतं बाकडं नको."

सुतार कानामागची पेन्सिल काढतो आणि भिंतीवर आठ फुटांची खूण करतो.